रकाना तिसरा: पतीकडे जाणाऱ्या स्त्रिया

१५ सप्टेंबर २००५, गुरुवार. राफा.

भिंतीपलीकडून आज आलेला माल, शेजारच्या उम्म साबिरच्या हातगाडीवरून:

पांढरं चीज, दोन डबे: २२ मिसरी पाउंड. (आपल्याकडे एवढ्यात एकच येतो.)
मसूर, दहा किलो: ३० पाउंड.
अंगाचा साबण, एक डझन: ९ पाउंड.
तापाच्या गोळ्या, सहा पाकिटं: ६ पाउंड.
शेळी, एक, करडी, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं: २४० पाउंड. शेळी कोणी मागितली नव्हती.
भिंत चढायच्या शिडीचं भाडं: २ शेकेल, फक्त जाण्याचं.
हाज्जा: आल्या नाहीत.

हाज्जा म्हणजे माझ्या सासूबाई, वय त्रेसष्ट. सोमवारी इस्रायलचे सैनिक गाझातून निघून गेले आणि त्या दिवसापासून अख्खं राफा भिंत ओलांडून मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, बाजाराला जातंय. पोलीस आहेत, पण ते आकाशाकडे बघत उभे असतात. हाज्जा सकाळी म्हणाल्या, "साबण आणते आणि झरीफाला भेटून येते." झरीफा ही त्यांची धाकटी बहीण. गावाच्या मधून सीमेची तार गेली तेव्हा तिचं घर पलीकडे राहिलं. तेवीस वर्षं दोघी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींच्या तब्येतीची चौकशी ओरडून करायच्या, त्यामुळे झरीफाच्या गुडघ्याचं दुखणं दोन्ही देशांना माहीत आहे.

शेळी आली, साबण आला. निरोप आला की हाज्जा दमल्यात, आज तिथेच राहतील.

कोठीची किल्ली त्यांच्या गळ्यात आहे. लग्न होऊन मला एकोणीस वर्षं झाली. ती किल्ली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. तेल, साखर, पीठ सगळं आत. संध्याकाळच्या फोडणीला उम्म साबिरकडून वाटीभर तेल आणलं. तिने वाटी दिली आणि म्हणाली, "नवं कुलूप पस्तीस शेकेलला मिळतं." मी म्हटलं, कुलूप फोडायला सासूबाई मेल्या नाहीत, बाजाराला गेल्यात.

१८ सप्टेंबर, रविवार

आज दोन्हीकडच्या पोलिसांनी भिंतीतली भगदाडं बुजवली. हाज्जा पलीकडेच.

यांना काही काळजी वाटत नाही. हे सीमा समन्वय कार्यालयात कारकून आहेत. सीमा उघडी असली की त्यांना काम नसतं. बंद झाली की समन्वय जोरात सुरू होतो. "माझंच खातं आहे," म्हणाले, "मंगळवारपर्यंत यम्मा घरी."

शेळी दूध देत नाही. नुसती बघते.

२१ सप्टेंबर, बुधवार

मंगळवार होऊन गेला.

यांनी साहेबांपुढे विषय काढला. तो संवाद यांनी घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवला, तसाच लिहिते.

"बाहेर गेल्याचा शिक्का?"
"नाही, साहेब."
"मग त्या गाझातच आहेत."
"साहेब, त्या पलीकडे मावशीच्या ओसरीवर बसून चहा पिताहेत."
"मुनीर, कागदावर त्या तुझ्या ओसरीवर बसून चहा पिताहेत. जी बाई गेलेलीच नाही तिला मी परत कशी घेऊ?"

मग यांनी मिसरी बाजूच्या रागिबला विचारलं. रागिब हा तिकडचा यांच्यासारखाच कारकून. रोज सकाळी दहा वाजता दोघे फाटकाच्या जाळीपाशी भेटतात आणि फायलींच्या पिशव्या बदलतात. ह्यालाच समन्वय म्हणतात. रागिब म्हणाला, "अबू रुदैना, आमच्याकडे तर तुझी आई आलीच नाही. न आलेल्या बाईला परत पाठवलं तर मला नोकरीवरून काढतील."

अबू रुदैना म्हणजे रुदैनाचे वडील. आमची रुदैना सोळा वर्षांची आहे, तिच्या जिभेला बारा महिने सुट्टी नसते. "म्हणजे सित्ती कुठेच नाही," म्हणाली. "आजी असावी तर अशी. दोन सरकारं मिळूनही सापडत नाही."

आज त्याच पिशवीतून हाज्जांचं पत्र आलं. त्यांना लिहिता येत नाही. झरीफाच्या शेजारी उस्ताद शाकिर म्हणून भूगोलाचे निवृत्त शिक्षक राहतात, त्यांनी लिहून दिलं. अक्षर इतकं सुंदर की मी दोनदा वाचलं. हाज्जा लिहवतात: शेळीला कोरडा पाला घाल. भातात पाणी कमी घाल, तू नेहमी जास्त घालतेस. किल्ली माझ्याजवळ सुरक्षित आहे, काळजी नसावी.

मला किल्लीच्या सुरक्षिततेची काळजी नाही, तेलाची आहे.

खरं ते इथे लिहिते, कारण इथे कोणी वाचत नाही. नमाजानंतर हाज्जा सुखरूप परत याव्यात म्हणून दुआ मागितली. मागताना मन किती लागलं होतं ते अल्लाहला ठाऊक. सहा दिवस झाले, भात कसा झाला हे मला कोणी सांगितलेलं नाही. भरपाई म्हणून नमाजाच्या दोन रकात जास्त पढले.

२४ सप्टेंबर, शनिवार

काल आणि आज फाटक उघडलं, पण फक्त बाहेर जाणाऱ्यांसाठी. हे दुपारी यादीचा कोरा फॉर्म घेऊनच जेवायला आले. म्हणाले, एक युक्ती सुचली आहे. यम्मा बाहेर आहेतच. आजच्या यादीत "बाहेर गेल्या" अशी नोंद केली की शिक्का पडला. एकदा गेल्या असं ठरलं की परत यायला मोकळ्या.

अडचण रकान्यांची. यादीत तीनच रकाने. पहिला रोग्यांचा, त्याला इस्पितळाचा कागद हवा. दुसरा विद्यार्थ्यांचा, त्याला कॉलेजचा कागद. तिसरा, पतीकडे जाणाऱ्या स्त्रिया. त्याला कागद लागत नाही, कारण नवरा पलीकडच्या फाटकावर येऊन सही करून घेऊन जातो.

मी मॅट्रिक झालेली आहे आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. मी फॉर्म पाहिला. रोगी भरलेले, विद्यार्थी भरलेले, तिसऱ्यात चार जागा रिकाम्या. म्हटलं, "जिथे जागा आहे तिथे नोंद घाला. अडलंय कुठे?"

"आजोबांना जाऊन चौदा वर्षं झाली," रुदैना म्हणाली. "पतीकडे म्हणजे सित्तीला नक्की कुठे पाठवताय?"

"तू जेव," हे म्हणाले. "रकाना आहे तर तो भरायचा."

"विद्यार्थिनी लिहा ना, बाबा. भूगोल शिकतेय ती."

यांनी माझ्या पेनाने तिथेच नाव लिहिलं. चार वाजता शिक्का पडला. हाज्जा आजपासून अधिकृतपणे बाहेर गेल्या आहेत. हे इतके खूश की येताना अर्धा किलो कुनाफा मिठाई घेऊन आले, १४ शेकेल. मी वहीत लिहिलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

रमजानचा दुसरा आठवडा. रोजे ठीक चाललेत. तेल अजून उम्म साबिरचंच.

रागिबचं अधिकृत पत्र आलं. मजकूर: आपल्या यादीतील बाई आपल्या पतीकडे आल्याची नोंद आम्ही घेतली. पतीचं नाव रिकामं आहे. नाव मिळेपर्यंत फाईल बंद होत नाही आणि फाईल बंद झाल्याशिवाय बाईंना परत पाठवता येत नाही. खाली पेन्सिलने: "भावा, हे तू काय केलंस?"

हे दिवसभर डोकं धरून बसले. कागद मागे घ्यावा तर खोटी नोंद केल्याबद्दल नोकरी जाणार. न घ्यावा तर आई अडकणार. शेवटी मीच हाज्जांना सगळं सविस्तर कळवलं, कोणी सज्जन माणूस नावापुरता मिळतो का तेही विचारलं. पत्र पिशवीत गेलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

उत्तर आलं. उस्ताद शाकिर नाव द्यायला तयार आहेत. कागदापुरतं. हाज्जा लिहवतात की उस्तादांनी आधी दोन दिवस विचार केला, मग रात्रीच्या नमाजानंतर केस विंचरून आले आणि हो म्हणाले. विधुर आहेत. पेन्शन आहे. दात स्वतःचे आहेत. अंगणात पेरूची दोन झाडं आहेत. सकाळी चहा स्वतः करतात आणि शेजाऱ्यांनाही देतात.

एवढी माहिती फाईलला कशाला लागते कळेना, पण मिसरचं सरकार काहीही मागतं. पत्र लिहायचे किती घेतात म्हणून विचारलं होतं. काहीच घेत नाहीत. अल्लाह अशा माणसांचं भलं करो.

हे पत्र चार पानी आहे. हाज्जा एवढं कधी बोलत नाहीत. मधे समुद्राचं वर्णनही आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

मला झोप लागेना. शिक्क्याचं खोटं एक वेळ सरकार आणि हे बघून घेतील, पण निकाहाचं खोटं, तेही रमजानमध्ये, ते अल्लाहपुढे आहे, आणि सल्ला माझा होता. दुपारी मशिदीच्या शेखांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोला पुढे बसवलं आणि नाव न घेता विचारलं की एका ओळखीच्या बाईने कागदावर नवरा लावला आहे, खरा नाही, फक्त सीमेसाठी.

शेख म्हणाले, "बाई कुमारी आहे की विवाहित?"
"विधवा. तुमच्याएवढी."
"आणि तो?"
"विधुर."
शेखांनी दाढी चोळली. "निकाह ही चेष्टा नाही. एक तर कागद फाडा, नाहीतर तो खरा करा. मधलं काही नाही."

हे मी हाज्जांना शब्द न शब्द लिहिलं. म्हणजे त्यांना भीती वाटून कागद रद्द होईल. खाली स्वतःचं घातलं: "तुम्ही शहाण्या आहात, काय करायचं ते तुम्हाला कळेल." मग जीव हलका झाला.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

हाज्जांना शेखांचं म्हणणं पटलं. त्या लिहवतात, "शेखांचं बरोबर आहे, मधलं काही नको." खटपट सुरू केली आहे आणि मागवलंय ते असं:

सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, दोन प्रती.
यांच्या सहीचा कागद, तीन प्रती, मजकूर तिकडून तयार आलाय.
निळा भरतकामाचा झगा, पेटीतला.
लाल रेशमाच्या सहा लडी.

दाखला समजला, सासरे खरोखर गेलेत हे सिद्ध झालं की पतीचा घोळ मिटेल. सहीचंही समजलं. हे कार्यालयातच होते, तिन्ही प्रतींवर सही करून शिक्का मारून पिशवीत टाकले. वाचलं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "समन्वयात वाचत बसलो तर सीमा कधी उघडायची?"

रेशमाचं समजलं नाही. हाज्जांच्या झग्यावरचे टाके चौदा वर्षं निळेच आहेत, विधवेचे. लाल टाके नवरा असलेल्या बाईचे. त्यांना लाल रेशीम कशाला? झरीफाच्या नातीचं काही असेल. सहा लडी, १२ शेकेल. चार पाठवल्या असत्या तरी चाललं असतं.

शेवटी एक ओळ: अरीशला जाऊन कवळी करून घेतली, उस्ताद सोबत होते.

रुदैनाने पत्र वाचलं आणि उशीत तोंड खुपसून पडली. खांदे हलत होते. मी जवळ गेले, म्हटलं, रडू नकोस, येईल आजी. तिने उशी आणखी घट्ट धरली.

३ नोव्हेंबर, गुरुवार. ईद.

हाज्जांशिवाय पहिली ईद. सकाळी त्यांच्या जागी कोणी बसेना. उम्म साबिर येऊन बसली तर यांनी तिला उठवलं.

काल खजूर भरून मामूल केले, ऐंशी. चाळीस यांच्या बैठकीसाठी गेले. सध्या रोज बैठका आहेत, सीमा कशी उघडायची त्यावर. यांचं काम खुर्च्या मांडायचं आणि टिपणं घ्यायचं. ऐकून लिहिते: आपल्या साहेबांनी दोन मामूल खाल्ले आणि इस्रायलच्या अटी वाचल्या. मिसरी अधिकाऱ्याने अकरा खाल्ले आणि अभ्यास करून सांगतो म्हणाला. युरोपहून एक उंच गोरा पोलीस अधिकारी आलाय, यापुढे फाटकावर देखरेख तो करणार. त्याने एक मामूल हातात धरून आत काय आहे ते विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि मग खाल्ला. इस्रायलवाले खोलीत नसतात. ते कुठेतरी लांब बसून कॅमेऱ्यातून बघणार, त्यावर तीन आठवडे चर्चा चालू आहे. त्यांनी मामूल नुसते पाहिले.

घरी खाऊन उरलेले बारा पिशवीतून हाज्जांना पाठवले. झगा आणि रेशीम आधीच पोचलंय.

यांनी संध्याकाळी भात खाल्ला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालंय."

१६ नोव्हेंबर, बुधवार

काल मोठ्या लोकांनी सह्या केल्या. फाटक या महिन्याच्या शेवटी उघडणार. आपलं ओळखपत्र असलेल्यांना ये-जा मोकळी. बाहेरच्या माणसाला आत यायचं तर वेगळे रकाने: वकिलातीची माणसं, मदतकार्यवाले, परदेशी गुंतवणूकदार, आणि अडलेली प्रकरणं. शिवाय नाव दोन दिवस आधी कळवायचं, म्हणजे कोणाला हरकत असेल तर त्याने घ्यावी.

"सित्तीने शेळी घेतली होती," रुदैना म्हणाली. "गुंतवणूकदारात बसते."

हाज्जांच्या कागदावर आता काही हरकत नाही. रागिबने कळवलं, "फाईल बंद झाली, नियमानुसार, अभिनंदन." यांनी अभिनंदन शब्दाखाली रेघ मारून आणली. म्हणाले, "बघ, समन्वय याला म्हणतात."

२६ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

फाटक उघडलं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कॅमेऱ्यात दिसणार म्हणून. रुदैना आणि मी सकाळपासून बाहेरच्या बाकावर. पलीकडून बसेस आल्या, माणसं उतरली, कोणी जमिनीचं चुंबन घेतलं, कोणी पेट्या मोजल्या. हाज्जा उतरल्या नाहीत. शेवटच्या बसमधून झरीफाचा जावई उतरला. त्याने माझ्या हातात टोपली दिली आणि यांच्या हातात लिफाफा. आमच्याकडे न बघता म्हणाला, "मी फक्त आणून दिलंय."

टोपलीत आलेलं: पेरू, सुमारे तीन किलो, घरचे. साखरेचे बदाम, एक पुडा, गुलाबी जाळीत बांधलेले. आणि लाल दोऱ्यात ओवलेली कोठीची किल्ली.

मी म्हटलं, "बदाम कशाला? कोणाचं लग्न झालं?"

रुदैनाने मला नुसती हाक मारली, "यम्मा." एवढंच. आज ती हसत नव्हती. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा मला लाल रेशीम आठवलं. मग कवळी आठवली, समुद्राचं वर्णन आठवलं, शेखांची दाढी आठवली. सगळी पत्रं एकामागून एक डोळ्यांपुढून गेली, आणि माझं स्वतःचं वाक्य: तुम्ही शहाण्या आहात.

हे लिफाफा उघडून वाचत होते. निकाहनाम्याची प्रत. वधू: फहिमा, विधवा, दाखला जोडला आहे. वर: शाकिर, भूगोल शिक्षक, निवृत्त. मुलाची संमती: जोडली आहे, सही व शिक्क्यासह.

"माझी सही आहे," हे म्हणाले. मग म्हणाले, "शिक्का पण माझाच. सरळ मारलाय." असं म्हणाले जणू शिक्का वाकडा असता तर काही करता आलं असतं.

तो उंच गोरा अधिकारी यादी घेऊन आला. त्याच्या यादीत हाज्जांच्या नावापुढे नवा शेरा होता. त्याला कोणी तरी अर्थ सांगितला असावा. त्याने यांचा हात हातात घेतला आणि शिकलेल्या अरबीत म्हणाला, "तुमच्या आईचं लग्न मुबारक." सगळ्यांनी ऐकलं. कॅमेऱ्यानेही पाहिलं असणार.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चार माणसांत मी कसा जाऊ? माझ्या आईला मीच नांदायला पाठवली, सरकारी शिक्क्याने."

मी म्हटलं, "पाप तर झालं नाही ना. कागद खरा झाला."

"तिला इथे काय कमी होतं?"

उत्तर रुदैनाकडे होतं. ती म्हणाली, "बाबा, सकाळचा चहा कोणी करून दिलाय का सित्तीला, कधी?"

हे उठून आत गेले.

२७ नोव्हेंबर, रविवार

यांचा अबोला चालू. हाज्जांचं नाव काढायचं नाही, पत्र लिहायचं नाही, पिशवीतून काही जायचं नाही, असं भिंतीकडे बघून सांगितलं. जेवले नाहीत.

हे कार्यालयात गेल्यावर मी कोठी उघडली.

एकोणीस वर्षं ह्या दाराची मी काय काय कल्पना केली ते लिहायला लाज वाटते. तेलाचे डबे भिंतीला लावून तीन रांगांत. पुढच्या रांगेतले पाच भरलेले. मी मागचा एक ओढला तर हाताला वजनच लागलं नाही. दुसरा ओढला. मागचे सगळे रिकामे, धुऊन, झाकणं लावून, नीट रचलेले. साखरेचं पोतंही तसंच: वर दोन बोटं साखर, खाली वाळू, मधे फडकं.

मी वाळूपाशी बराच वेळ बसले. यांचा पगार सात सात महिने येत नव्हता त्या वर्षी हाज्जा दार उघडून उभ्या राहायच्या आणि शेजारणींना दिसेल असं म्हणायच्या, "आमच्याकडे भरपूर आहे, कोणाला हवं तर न्या." आणि मला वाटीने मोजून तेल देताना म्हणायच्या, "उधळेपणा नको." मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून किल्ली देत नाहीत. बाई एकटी हे रिकामे डबे गळ्यात घालून हिंडत होती. मला सांगितलं असतं तर मी काळजी केली असती, म्हणून सांगितलं नाही. आणि मी मनात हिशेब करत होते की म्हातारी काय काय लपवून ठेवते.

उम्म साबिर दारातून डोकावली. "बघू तरी, काय काय निघालं?"

मी अर्धं दार ओढलं. म्हटलं, "भरलेली आहे. तुझं तेल उद्या परत करते."

डबे होते तसे रचले, फडकं नीट केलं, कुलूप लावलं. किल्ली लाल दोऱ्यासकट गळ्यात घातली. आज नमाजानंतर दुआ मागितली ती मन लावून मागितली. भरपाईच्या रकाती पढायची गरज पडली नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी हे हाज्जांची खोली स्वतः झाडत होते. मी दिसले तर म्हणाले, "धूळ झाली होती." नंतर कार्यालयाचा एक फॉर्म घेऊन बसले, मी आले की त्यावर हात ठेवायचे. सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशातून काढून पाहिला. आत येणाऱ्यांची यादी. हाज्जांचं नाव ओळखपत्राच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात. पाहुण्यांची संख्या आधी एक लिहिली होती. ती खोडून दोन केलीय. दुसरं नाव उस्तादांचं, रकाना: परदेशी गुंतवणूकदार. पुढे कंसात: शेळी.

फॉर्म परत खिशात ठेवला आणि हे पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

"आदरणीय हाज्जा, सलाम. टोपली पोचली. पेरू गोड निघाले, चार उम्म साबिरला दिले, तिचं तेल फिटलं. किल्ली मिळाली. कोठी उघडून पाहिली, सगळं तुम्ही ठेवलंत तसंच भरलेलं आहे आणि तसंच राहील. कोणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. शेळी गाभण होती, शुक्रवारी व्याली, दोन पिल्लं, म्हणजे २४० पाउंड महाग नव्हते, ही माझी चूक. मुनीर रागावलेत, पण तुमची खोली झाडून ठेवली आहे. विचारलं तर धुळीबद्दल बोलतील. तुम्हीही धुळीबद्दलच बोला. उस्तादांना सांगा, आमच्याकडे सकाळचा चहा मी करते, पण त्यांना करायचा असेल तर माझी हरकत नाही. भात मात्र तुम्ही आल्यावर तुम्हीच बघा, मला पाण्याचा अंदाज येईनासा झालाय. नावं फाटकावर दोन दिवस आधी द्यावी लागतात आणि फॉर्म यांच्या खिशात चुरगळतोय. तरी शनिवारी येता की सोमवारी, आणि दोघांपैकी गोड कोण कमी खातं, हे परतीच्या टपालाने, म्हणजे रागिबच्या पिशवीतून, जरूर कळवावं."